उष्टा न केलेला साबण

राजश्री कॉस्टिक सोड्याला जितकी भ्यायची तितकी सासूलाही भ्यायची नाही, आणि तिची सासू चांगुणाबाई काही साधीसुधी बाई नव्हती. महिन्यातून दोनदा नवी मुंबईतल्या शिरवण्याच्या त्या वन बीएचकेमध्ये साबणाचा घाट घातला जायचा. त्या दिवशी राजश्री स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायची, खिडकी सताड उघडायची, कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवायची आणि नवऱ्याने, दिलीपने, कंपनीतून आणलेला जाड चष्मा डोळ्यांवर लावायची. कॉस्टिकचा डबा माळ्यावर सगळ्यात वर असायचा आणि त्याच्या झाकणावर तिने लाल स्केचपेनने कवटी काढलेली होती. कवटी जरा हसरी झाली होती, पण भीती घालायला पुरे होती.

पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही, हे तिने पाठ केलं होतं. खाली गॅस नसताना ते पाणी आपल्या आपण तापायचं आणि त्यातून घशाला झोंबणारी वाफ निघायची. पहिल्याच वेळी एक थेंब मनगटावर उडाला होता. आधी तिथे नुसतं बुळबुळीत लागलं, मग आग झाली. नळाखाली पंधरा मिनिटं हात धरला तेव्हा कुठे ती थांबली. डाग अजून होता. त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला. कॉस्टिक ग्रॅमवर मोजायचं, दोनदा मोजायचं, आणि साबण महिनाभर सुकला की वडी जिभेच्या टोकाला लावून बघायची. कारण गणित साधं असतं. प्रत्येक तेल ठरावीक कॉस्टिक गिळतं. तेल पुरेसं असेल तर कॉस्टिक सगळं संपतं आणि साबण गरीब गायीसारखा होतो. तेल कमी पडलं तर उरलेलं कॉस्टिक वडीत दडून बसतं आणि माणसाच्या कातडीची वाट बघतं. ते दडलेलं असेल तर जिभेला बरोबर कळतं.

तीन वर्षांत तिचा साबण नेरूळपासून वाशीपर्यंत पोचला होता. बचतगटाच्या स्टॉलवर उभी राहून ती बायकांना सांगायची, "बाजारातल्या साबणात नुसती केमिकलं असतात हो. आमच्याकडे सगळं घरचं." घरी माळ्यावर हसरी कवटी बसलेली असायची, पण ते काय कुणाला दिसत होतं!

मग अक्षताला मुलगी झाली. अक्षता ही दिलीपची धाकटी बहीण. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दवाखान्यांचे उंबरे झिजवून झाले होते, सगळ्यांनी आशा सोडली होती, आणि आता हे मूठभर बाळ आलं होतं. नामकरण ठरलं तसा तिचा फोन आला. "वहिनी, रिटर्न गिफ्टला तुझाच साबण पाहिजे. साठ वड्या कर. आणि बाळाला अजून डाळीचं पीठच लावतोय, पहिला साबण लागेल तो तुझ्या हातचा."

राजश्रीला आभाळ ठेंगणं झालं. पण एवढा साबण तिने एका वेळी कधी केला नव्हता. नेहमीचा घाणा एक किलो तेलाचा, आणि ते तेल ती मोठ्या डब्यातून काट्यावर मोजून घ्यायची. आता पाच किलो तेल लागणार होतं, आणि तिचा स्वयंपाकघरातला चिमुकला काटा मोठ्या पातेल्यासकट एवढं वजन घेईना. त्याच्या डिजिटल पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा यायला लागल्या.

"काट्याचं काय घेऊन बसलीस?" चांगुणाबाई म्हणाल्या. त्या मूळच्या परभणीकडच्या, चाळीस वर्षं नवी मुंबईत काढूनही बोली तीच. "पाच पिशव्या हायती नव्हं? पिशवी म्हंजी किलो. जल्मभर तेल आनलं म्या, मला ठाव नाही व्हय?"

आणि राजश्रीने मान डोलावली. वाण्याकडे आपण सगळेच एक किलो तेल द्या म्हणतो आणि तो पिशवी काढून देतो. तिने सातशे पासष्ट ग्रॅम कॉस्टिक दोनदा मोजलं, श्वास रोखून, चिमटीने कण काढत. तेलाच्या पिशव्या मात्र सासूने कात्रीने कापल्या आणि भडाभडा ओतल्या. ज्याची भीती होती त्याच्यावर दहा डोळे ठेवले, आणि जे रोज फोडणीला टाकतो त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ओळखीचा चोर जिवे न सोडी म्हणतात, ते काय उगीच?

तरीही जीभ होती. महिनाभराने वड्या सुकल्या तेव्हा राजश्रीने सवयीने एक उचलली आणि तोंडाजवळ नेली.

"आगं आगं!" चांगुणाबाई ओरडल्या. "लेकराची वस्तू हाय ती. जिभेला लावून उष्टी करतीस व्हय?"

"आई, बघावं लागतं. कॉस्टिक राहिलं असेल तर..."

"तीन वरसं करतीस. कवा राहिलंय का? नऊ वरसांनी लेकरू आलंय घरात. त्याला उष्टं द्यायचं नाही."

सासू म्हणून त्या कडक होत्या, पण आजी म्हणून हळव्या झाल्या होत्या, आणि हळव्या माणसाशी वाद घालणं जास्त कठीण असतं. राजश्रीने वडी खाली ठेवली. शनिवारी संध्याकाळी साठ डब्या, वर रेशमी फीत, आणि बाळासाठी एक वेगळी वडी घेऊन दिलीप आणि चांगुणाबाई सीवूड्सला अक्षताकडे मुक्कामाला गेले. राजश्री घर आवरून सकाळी जाणार होती.

रविवारी साडेआठला ती खिडकीच्या ग्रिलमधल्या रोपांना पाणी घालत होती. चांगुणाबाई काहीच टाकून देत नसत. तेलाच्या पाची पिशव्या त्यांनी वाटीवर उपड्या टांगून शेवटचा थेंब काढला होता, धुतल्या होत्या, माती भरली होती आणि त्यात कढीपत्ता लावला होता. पाणी घालताना एका पिशवीवरची माती निघून गेली आणि खालची बारीक अक्षरं दिसली. निव्वळ वजन ८५० ग्रॅम.

राजश्रीने तांब्या खाली ठेवला. दुसरी पिशवी पुसली. ८५०. तिसरी, चौथी, पाचवी. पिशव्या दिसायला त्याच होत्या, किंमतही तीच होती, पण कंपन्यांनी केव्हाच आतलं तेल कमी केलं होतं आणि बोलताना आपला किलो तसाच राहिला होता. पाच किलोऐवजी सव्वाचार. तिने फोनवर हिशेब केला, मग परत केला. ऐंशी ग्रॅम कॉस्टिक. तेलाशिवाय उरलेलं, त्या वड्यांमध्ये दडून बसलेलं.

काप काढताना उरलेले तुकडे डब्यात होते. तिने एक घेतला, मधोमध मोडला आणि जिभेचं टोक लावलं.

टॉर्चच्या सेलला जीभ लावल्यावर बसतो तसा चटका बसला. तिने तुकडा बेसिनमध्ये फेकला आणि चूळ भरत राहिली. ज्या जागेला साबण लागला होता ती जागा चुरचुरत होती. ही मोठ्या माणसाची जीभ, आणि नुसता स्पर्श. सव्वा महिन्याच्या बाळाच्या काखेत, मांडीच्या घडीत, डोळ्यात तो फेस गेला तर काय होईल हे तिला नीट दिसलं.

तिने फोन लावला. अक्षताने पहिल्या रिंगला उचलला.

"वहिनी, निघालीस का?"

"बाळाची... बाळाची अंघोळ झाली का गं?"

"नाही ना, सखूबाई यायचीय. साडेनऊला येते ती. तुझी वडी काढून ठेवलीय मी. काय सुंदर दिसतेय गं! माझ्या सासूबाई म्हणतात, दुकानातल्यापेक्षा भारी."

आता बोलायचं होतं. चार शब्द होते, तो साबण वापरू नका म्हणून. पण अक्षताच्या मागे पाहुण्यांचा गलबला ऐकू येत होता, नऊ वर्षांनंतरचं हसू ऐकू येत होतं, आणि राजश्रीने ते चार शब्द गिळले. स्टॉलवर घरचं घरचं म्हणणारी बाई काय तोंडाने सांगणार, की मी तुझ्या लेकरासाठी ॲसिडच्या भावंडाची वडी करून पाठवली? सगळ्या नात्यात होईल. उद्यापासून कोण घेईल साबण? आणि अजून साडेआठच तर झाले होते.

"मी येईपर्यंत थांबा हं अंघोळीला," ती म्हणाली. "मला बघायचीय."

"ये ना लवकर मग," अक्षता म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ते असं. राजश्रीने मागच्या घाण्यातली जुनी, जिभेला लावून पाहिलेली वडी पर्समध्ये टाकली, साडी कशीबशी गुंडाळली आणि खाली पळाली. रिक्षा मिळायला दहा मिनिटं गेली. मिळाली तीही सीएनजी भरायला वळायला निघाली, तेव्हा ती रिक्षावाल्यावर अशी खेकसली की त्याने मुकाट हॅण्डल सरळ केलं. रस्ताभर तिला एकच दिसत होतं. सखूबाईच्या पसरलेल्या पायांवर पालथं बाळ, आणि पाठीवर पांढरा फेस. मनगटावरचा जुना डाग तिने पदराखाली झाकला, जसा काही तोच बोलून जाणार होता.

अक्षताच्या घरात चपलांचा ढीग होता. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. कुणी थांबलं नव्हतं. नामकरणाचा विधी करणारे बौद्ध भिक्खू, भन्तेजी, लवकर येणार असा निरोप आला होता म्हणून सखूबाईने नऊलाच सुरुवात केली होती.

सखूबाई करावे गावातली. आसपासच्या इमारतींतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हायलेली. तेल लावून झालं होतं, एक तांब्या ओतून झाला होता, आणि तिने नुकतीच वडी हातात घेऊन भिजवली होती.

"थांबा!" राजश्री दारातच म्हणाली. आवाज चिरका निघाला. सगळ्या बायका वळल्या. तिने ओठ ओलावले आणि हसली. "तो नको. त्याचा वास उग्र आहे बाळाला. हा घ्या, हा बिनवासाचा, खास आणलाय."

"ह्यो पन चांगला हाय की," सखूबाई म्हणाली.

"नाही नाही, द्या तो."

तिने सखूबाईच्या ओल्या हातातून वडी जवळजवळ हिसकावली. सखूबाईने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, हात पाण्यात खळबळले आणि जुनी वडी घेतली. बाळ पाण्याच्या धारेखाली डोळे मिटून शांत पडून होतं. राजश्री पॅसेजमध्ये जाऊन भिंतीला टेकली. घामाने तिचा ब्लाऊज पाठीला चिकटला होता, पण आत कुठेतरी ती हसत होती. वाचलं. कुणाला कळलंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

राहिल्या साठ डब्या. त्या खाली सोसायटीच्या हॉलमध्ये टेबलावर रचल्या होत्या. त्यासाठीही तिने युक्ती काढली. कार्यक्रम संपत आला की म्हणायचं, लेबलं चुकीची लागलीत, बदलून घरोघर पाठवते. दोन खोट्यांत काम झालं होतं, तिसऱ्याने काय बिघडणार होतं?

सव्वाअकराला हॉल भरला. बुद्धमूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या. भन्तेजींनी सगळ्यांना हात जोडायला सांगितले आणि त्रिसरण, पंचशील सुरू झालं. लहानपणापासून तोंडात बसलेले शब्द ते. राजश्री सगळ्यांबरोबर म्हणत गेली. चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं, आणि तिची जीभ अडखळली. सकाळच्या चटक्याची जागा अजून चुरचुरत होती. तिने ओठ नुसतेच हलवले.

सांगायचं, तिने ठरवलं. जेवणं झाली की अक्षताला बाजूला घेऊन सगळं सांगायचं.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या चांगुणाबाई तिच्या कानाशी वाकल्या. चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता. "सखूबाईला दोन डब्या दिल्या म्या. जाताना फार नावाजीत होती तुझ्या साबनाला. तिच्या लेकीला बी पोरगी झालीय, वीस दिसाची. म्हनली, घरी गेल्याबरूबर तिला लावते."

राजश्रीला आधी नुसता आवाज ऐकू आला. अर्थ मागाहून आला. बसल्या जागी तिने सासूचा हात घट्ट पकडला.

"कधी गेली ती?"

"जालं की तास दीड तास. आजून दोन घरं करून मग घरी..."

राजश्री उठून उभी राहिली. भन्तेजी बोलत होते, साठ-सत्तर माणसं बसली होती, अक्षताच्या मांडीवर नव्या झबल्यातलं बाळ होतं.

"अक्षता, सखूबाईचा नंबर लाव. आत्ता लाव! साबण चुकलाय माझा. कॉस्टिक राहिलंय त्यात. कुणी डबी उघडू नका. कातडी जळेल."

अक्षताने काही न विचारता फोन लावला आणि तिच्या हातात दिला. रिंग वाजत राहिली. मग कुणीतरी तरुण बाईने उचलला, आणि तिच्या मागे एक बाळ रडत होतं. भुकेचं रडणं नव्हे. राजश्री फोनमध्ये ओरडली.

"साबण लावू नका! बाळाला तो साबण लावू नका!"

"आई लावतेय ना... कवाची रडते ती. आई बोलते पानी गरम झाला आसल."

"पाणी ओता तिच्यावर. साधं पाणी. थांबू नका, ओतत राहा. हळद नको, तेल नको, लिंबू नको, काही लावू नका, नुसतं पाणी. डोळ्यांत गेलं का? डोळे बघा आधी!"

पलीकडे फोन खाली आपटला, पण बंद झाला नाही. तांब्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला, सखूबाईचं "अग माझे बाय, अग माझे बाय" ऐकू आलं. राजश्री फोन कानाला धरून उभी होती. तिला आपला पंधरा मिनिटं नळाखाली धरलेला हात आठवत होता, तो मोठा, हाडामांसाचा हात. दिलीप केव्हाच बाइकची किल्ली घेऊन दारात आला होता.

करावे गावात ते पोचले तेव्हाही सखूबाई पाणी ओततच होती. तिथून उचलून बाळाला सीवूड्सच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. डोळे वाचले होते. पाठीचा खालचा भाग आणि उजवी मांडी लालभडक झाली होती, वरची कातडी सोलवटणार होती, पण खोल गेलं नव्हतं. महिन्याभरात भरून येईल, ते म्हणाले. पाणी वेळेवर ओतलं म्हणून.

बाळ मलमाच्या पट्टीत झोपलं. त्याची आई त्याला कवटाळून भिंतीकडे तोंड करून बसली. राजश्री बाकावर सखूबाईशेजारी बसली आणि बोलत सुटली. पिशव्यांचं सांगितलं, साडेआठशे ग्रॅमचं सांगितलं, सासूने उष्टं करू दिलं नाही ते सांगितलं. डॉक्टरांचा सगळा खर्च आम्ही करू म्हणाली. चूक झाली, चुकून झालं, असं चार-पाच वेळा म्हणाली.

सखूबाई ऐकत होती. तिची बोटंही लाल झाली होती. बोटं ती एकमेकांवर घासत होती. शेवटी तिने राजश्रीकडे पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं होतं अगदी तसंच.

"सकाली तुमी माझे हातातून साबन वडून घेतला," ती हळू आवाजात म्हणाली. "तवा तुमाला ठाव होता?"

राजश्रीच्या तोंडाशी उत्तर तयार होतं. वासाचं, लेबलाचं, कसलंही. तिने जीभ दातांना लावली. ती अजून चुरचुरत होती.

"हो," ती म्हणाली.

सखूबाईने मान हलवली, पदर सावरला आणि उठून लेकीच्या पलीकडे जाऊन बसली.